तोच गणपती, दरवर्षी नवा कसा?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही कोल्हापुरात घरीच टेराकोटाचे दागिने करता, नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरलात आणि वर्ष व्हायच्या आत काही सुचेनासं झालं. रोज नवीन काहीतरी करून दाखवायचा धाक बसलाय. म्हणून तुम्ही विचारता की कुडाळकडे आमच्यासारखी घराणी पिढ्यान्‌पिढ्या गणपतीच करतात, तर त्यांना कंटाळा कसा येत नाही, दिवस कसा जातो आणि सुचतं कुठून.

कंटाळा येतो हो. श्रावणातल्या दुपारी बाहेर धो धो पाऊस, आत ओळीने मांडलेल्या मूर्ती आणि हातात नुसते मोदक वळून बसवायचं काम. अशा वेळी जीव विटतो. पण सुचायचं थांबत नाही, आणि त्याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे. काय करायचं हा प्रश्न आमच्यापुढे नसतोच. सोंड, चार हात, पाश, अंकुश, मोदक, पायाशी उंदीर, हे सगळं आधीच ठरलेलं. त्यामुळे डोकं सगळं ‘कसं करायचं’ यात लागतं. मान किती कलती ठेवू, पोटावरून पितांबराची चुणी कुठे मोडू, सोंडेचं टोक मोदकाला टेकवू की बोटभर अलीकडे थांबवू. तुम्ही मात्र रोज सकाळी ‘आज काय करू’ इथूनच सुरुवात करत असणार. निम्मी ताकद तिथेच संपते.

आमच्याकडे हे ठरवून देणारं एक साधन आहे, ते म्हणजे पाट. सिंधुदुर्गात गणपती दुकानात जाऊन निवडण्यापेक्षा, आपल्या घरचा पाट शाळेत नेऊन देण्याची रीत आहे. गणपतीची शाळा म्हणजे आमचा कारखाना, हे तुम्हाला माहीत असेलच. बरेच लोक नागपंचमीच्या आसपास पाट आणतात, काही त्याच्याही आधी. फणसाचे, सागाचे, कडा झिजलेले पाट. खाली आजोबांचं नाव ऑइलपेंटने लिहिलेलं, त्याच्यावर वडिलांचं आणि आता मुलाचं. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावरून डोक्यावर बसून घरी जाते. पाटाची रुंदी ठरलेली म्हणजे मांडीची रुंदी ठरली, मांडीवरून उंची ठरली. घरात माटवी, म्हणजे गणपतीवरची फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, किती उंचावर बांधतात, मागच्या भिंतीला कोनाडा आहे का, हेही आम्हाला माहीत असतं. एखाद्या घरात गणपती नेहमी पिवळ्या पितांबराचाच, एखाद्या घरात लोडाला टेकलेलाच, तर कुणाकडे उंदीर डाव्या बाजूलाच. हे मोडायचं नाही.

एवढी बंधनं असताना वाव कुठे उरतो, असं तुम्हाला वाटेल. पाट ठेवताना माणसं जाता जाता एखादं वाक्य बोलतात, तिथे तो उरतो. “गेल्या वर्षासारखोच होयो, पण डोळे वायच शांत असांदेत.” त्या घरात वर्षभरात काय झालं असेल ते गावाला माहीत असतं. कधी घरातलं माणूस गेलेलं असतं, कधी खूप वर्षांनी पाळणा हललेला असतो. ‘वायच शांत’, म्हणजे थोडे शांत, पण नेमकं किती, ते मला ब्रशाच्या टोकावर ठरवायचं असतं. असे पाट शाळेत भिंतीला लावून ठेवले की चतुर्थीपर्यंत सुचण्याची चिंता नसते. ज्याच्यासाठी करायचं तो माणूस डोळ्यांसमोर असतो. तुमच्या दागिन्यांचं गिऱ्हाईक फोनच्या पलीकडे आहे, ही खरी अडचण. ‘सगळ्यांना आवडेल असं’ काही सुचत नाही. मावशीच्या जाड कानाच्या पाळीला पेलतील असे झुमके करायचे म्हटलं, की हात लगेच चालायला लागतो.

आता दिवसाबद्दल. वर्षभराचा दिवस एकसारखा नसतो, म्हणून मी आषाढ-श्रावणातलाच सांगतो, कारण तोच आमचा खरा हंगाम. शाडू बाहेरून येते, बरीचशी गुजरातेतून, भावनगरकडची. पोत्यातली भुकटी आदल्या रात्री भिजत घालायची, सकाळी खडे काढत मळायची. आमच्या भागात शेतातली चिकणमाती वापरणारेही आहेत, आणि तिचा हात वेगळा बसतो. शाडू गुळगुळीत चालते पण लवकर वाळते, चिकणमाती दम धरते पण आकसते जास्त. सकाळी साच्यात माती दाबायचं काम. प्लॅस्टरचा साचा मातीतलं पाणी ओढून घेतो, म्हणून मूर्ती त्यातून सुटते. अंगठ्याएवढी जाड भिंत ठेवायची, आत पोकळ. हात, सोंड, कान बहुतेक वेळा वेगळे करून पातळ मातीने जोडायचे. दुपारी सांधे भरून, ओल्या ब्रशाने पाण्याचा हात फिरवत सफाई. याच दिवसांत भाताची लावणी असते, त्यामुळे घरातली निम्मी माणसं चिखलात आणि निम्मी शाळेत. चहाला एकत्र आलो की कुणाच्या हाताला कसली माती आहे त्यावरून कोण कुठे होतं ते कळतं.

पण आमचा दिवस खरा चालवतो तो पाऊस. कोकणातल्या ओल्या हवेत माती वाळवणं हा शिकून येणारा भाग नाही, तो मुरावा लागतो. कानाच्या पाळ्या, बोटं, मुकुटाची टोकं आधी वाळतात, पोट आणि मांडी मागे राहते. वाळताना माती आकसते. पाळी आकसली आणि डोकं अजून ओलं असलं, की बरोबर सांध्यावर तडा जातो. नवशिक्याला वाटतं पंखा लावला की लवकर वाळेल. पंख्याचा वारा नेमका त्या पातळ भागांवरच लागतो आणि तडे वाढतात. म्हणून आम्ही कानांना ओला फडका गुंडाळतो, मूर्तीच्या तळाला भोक ठेवतो म्हणजे आतलीही हवा खेळते, आणि पंखा लावलाच तर भिंतीकडे तोंड करून. हॅलोजनचे दिवे लावायची वेळ आली तर लांबून, आणि मूर्ती फिरवत फिरवत. रात्री झोपायच्या आधी सगळ्या ओळीवरून हात फिरवायचा. थंड लागली ती ओली, एवढं साधं आहे. सकाळी पुन्हा तेच.

पंचांगाचं गणितही यातच येतं. 2023 ला चतुर्थी 19 सप्टेंबरला आली, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. 2025 ला ती 27 ऑगस्टलाच होती. तीन आठवड्यांहून जास्त फरक. सप्टेंबरात उघडीप मिळते, ऑगस्टात मिळेलच असं नाही. 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला. ज्या वर्षी चतुर्थी लवकर, त्या वर्षी आम्ही नक्षीकाम कमी ठेवतो, अंग साधं करतो. गेल्या काही वर्षांत आमच्या शाळेत दागिन्यांचा सोस कमी झाला आणि नुसत्या चुण्यांवर उभी राहणारी साधी मूर्ती आली, ती अशीच आली. आधी गरज होती. मग लक्षात आलं की साध्या अंगावर चेहरा जास्त उठतो. आता मुंबईचे चाकरमानी मुद्दाम ‘तसला साधा’ मागतात. सुचण्याची वाट बघत बसलो असतो तर हे कधीच सुचलं नसतं, ते पावसाने करायला लावलं.

डोळ्यांबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय. तुम्ही ‘प्रेरणा’ म्हणता ती प्रत्यक्षात हातातून कशी उतरते ते इथे दाखवता येतं. आमच्यात त्याला आखणी म्हणतात. शाळेत कितीही हात असले तरी आखणी एक-दोघेच करतात. मी ती सकाळी करतो, दरवाजातून एका बाजूने उजेड येत असताना. दिव्याखाली भुवईची सावली खोबणीत पडते आणि रेघ जाड आहे की बारीक ते कळत नाही. मूर्ती उंचावर ठेवायची आणि आपण खाली बसायचं, कारण घरी ती चौरंगावर असणार आणि माणसं जमिनीवर बसून भजन करणार, लहान मुलं तर आणखी खालून बघणार. समोरासमोर बसून आखले तर डोळे घरी गेल्यावर माणसांच्या डोक्यावरून पलीकडे बघतात. लोक म्हणतात, “आमचो गणपती आमच्याकडे बघूक होयो.” त्यासाठी बुबुळ थोडं खाली उतरवावं लागतं.

आधी पांढरा. मग वरच्या पापणीची रेघ, नाकाकडून बाहेर, एका दमात. करंगळी सोंडेच्या मुळावर टेकवायची, म्हणजे हात हलत नाही. मग बुबुळ. त्याचा वरचा थोडा भाग पापणीखाली गेला पाहिजे. वर पांढरं दिसलं की गणपती दचकलेला किंवा रागावलेला दिसतो, मग बाकी काहीही करा. पापणी जितकी खाली, तितका शांत, पण फार उतरवली तर झोपाळू. ‘वायच शांत’ म्हणणाऱ्या घरासाठी मी पापणीची रेघ केसभर खाली घेतो आणि भुवईची कमान सपाट करतो, एवढंच. शेवटी बुबुळात पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, कारण उजेड एकाच बाजूने येतो. हे दोन्ही ठिपके आरशातल्यासारखे समोरासमोर दिले तर नजर तिरळी वाटते. पाहुण्यांना इथे चमत्कार झाल्यासारखं वाटतं. मलाही दरवर्षी अंगावर काटा येतो, ते खोटं नाही. पण त्याआधी हजारो रेघा कागदावर, फरशीवर, जुन्या पत्र्यावर ओढलेल्या असतात.

आता बघण्याबद्दल, कारण हात चालतो पण डोळ्यात भरलेलं नसेल तर तो तेच तेच देतो. चतुर्थीनंतर नवरात्रातल्या देवी, मग भातकापणी. ते आटोपलं की कार्तिकापासून आमच्याकडे जत्रांमध्ये दशावतार सुरू होतो. मी तो नट रंगायला बसतात तिथे जाऊन बघतो. प्रत्येक नट स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो, छोट्या आरशात बघून, बत्तीच्या उजेडात. दुरून पहाटे तीन वाजता झोपेला आलेल्या माणसालाही राक्षस आणि देव ओळखू यायला हवा, म्हणून भुवया कशा ताणतात, ओठांखाली सावली कशी देतात, ते तिथे शिकायला मिळतं. आणि आरंभी गणपती येतो तो लाकडी मुखवटा घालून. मुखवट्याचा चेहरा हलत नाही, तरी मान वळली की भाव बदलतो. माझ्या मूर्तीचा चेहराही हलणार नाहीच. मानेचा कल किती महत्त्वाचा, ते मला या मुखवट्याने शिकवलं.

कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं, एकेक पान पुढे धरत कथा गाऊन सांगायची. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. त्या चित्रांतले मोठे डोळे आणि भरगच्च वस्त्रं मी अनेकदा वहीत उतरवून घेतली आहेत. सावंतवाडीत गंजिफाचे गोल पत्ते रंगवतात. दशावतारी गंजिफात 120 पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. एवढ्याशा गोलात कूर्म, वराह, नरसिंह बसवायचा, तर काय ठेवायचं आणि काय गाळायचं याचा तो वस्तुपाठच आहे. तुमच्या कर्णफुलांसाठी मी सर्वांत आधी तिकडेच बघेन. नक्कल करायला म्हणत नाही. गोलात आकृती कशी बसवतात ते पाहायला म्हणतो.

आणि एकदा अलिबागजवळ सासवण्याला जाच. विनायक पांडुरंग करमरकरांचं घर तिथे आहे, त्याचंच संग्रहालय केलंय. जन्म 1891 चा, घरात गणपती करण्याची परंपरा. पुढे मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुण्यातला 1928 चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी घडवला. पण मला ओढ आहे ती त्या घरातल्या साध्या माणसांची. कोळीण, गावातली माणसं, म्हैस. मूर्तिकाराच्या घरचा मुलगा देव घडवायला शिकतो आणि तोच हात दारातल्या म्हशीच्या मानेवरच्या वळ्यांकडे तितक्याच निष्ठेने वळवतो. मी तिथल्या म्हशीपुढे बसून वही भरून काढली. आमच्या मूर्तीच्या गळ्याखालची, पोटावरची जाड कातडी कशी मोडते ते मला त्यानंतर उमगलं. हत्ती मला रोज कुठे दिसायला? म्हैस रोज दिसते.

मोबाइलवरच्या फोटोंबद्दलही लिहितो, कारण तुमच्या धाकाचं मूळ तिथेच आहे. आमच्याकडेही गिऱ्हाईक फोन पुढे करतं, “असो होयो.” यात नवीन काही नाही. शंभर वर्षांपूर्वी रविवर्म्याच्या छापखान्यातली देवांची चित्रं घरोघरी गेली, तेव्हाही मूर्तिकारांपुढे तीच चित्रं धरली गेली असणार. मी फोटो नाकारत नाही. मी विचारतो, यातलं काय आवडलं? बहुतेकदा उत्तर येतं, बसण्याची ऐट, किंवा रंग. मग तेवढंच घेतो. मात्र आषाढ ते भाद्रपद मी स्वतःहून दुसऱ्यांच्या मूर्ती फोनवर बघत नाही, हा माझा कडक नियम आहे. त्या दिवसांत डोळ्यात दुसऱ्याची रेघ शिरली की आपल्या हाताचं वळण जातं. बघायचं ते हिवाळ्यात बघावं.

पैशाचं थोडक्यात. आमची कमाई एका महिन्यात येते आणि ती बारा महिने पुरवायची असते. माती, रंग, मजुरी आधी, पैसे शेवटी. त्यामुळे पाटाबरोबर थोडा विसार घेतोच. काही लोकांना हे व्यावहारिक बोलणं कलेच्या आड येतंसं वाटतं. माझा अनुभव उलट आहे. रंगाची उधारी डोक्यावर असताना आखणी चांगली होत नाही. तुम्हीही ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी घ्या आणि त्याबद्दल संकोच करू नका.

प्लॅस्टरबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये प्लॅस्टरच्या मूर्तींविरोधात मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानंतर कोर्टकचेऱ्या आणि सवलती चालूच आहेत. प्लॅस्टर हलकं, मजबूत, दोन दिवसांत तयार. पेणसारख्या ठिकाणी हजारो कुटुंबं त्यावर जगतात, त्यांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. मी शाडूच वापरतो, कारण ती पाण्यात विरघळते, आणि कारण तिच्यात शेवटपर्यंत बदल करता येतो. ओला हात लावला की गाल पुन्हा मऊ होतो. प्लॅस्टर साच्यातून निघालं की बोलणं संपलं. ज्याला काम करता करता सुचतं, त्याला हा फरक फार मोठा आहे. शाडूची मूर्ती जड असते, नेताना मोडायची भीती असते, ती किंमत मी मोजतो.

तर तुम्ही काय करावं? एक आकार धरा. झुमक्याची घुमटी घ्या, आणि पूर्ण हंगाम, म्हणजे गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत, दुसरं काहीच करू नका. तिची उंची बदला, कड बदला, खालच्या मण्यांची संख्या बदला, नक्षी दाबून करा, मग कोरून करा, मग अजिबात नको. आठव्या-दहाव्या नगाला हात कंटाळेल, तिथे थांबू नका, पुढचे नग बघण्यासारखे होतात. दर चार नगांतला एक विकायला न ठेवता तारीख घालून डब्यात ठेवा, म्हणजे तुमचा हात कुठे चाललाय ते वर्षाने दिसेल. फोटो आठवड्यातून एकदाच टाका. आणि तुमच्या ओळखीच्या पाच बायकांना घरी बोलावून त्यांचे कान, गळा, रोजची साडी की ड्रेस, काम कसलं, हे नीट बघा. प्रत्येकीसाठी एक जोड करा. तेच तुमचे पाट.

पावसाळ्यात भट्टी लावताना एक सांभाळा. नग वरून कोरडा दिसला तरी आत ओल राहते. भट्टीत त्या ओलीची वाफ होते आणि नग फुटतो, शेजारच्यालाही घेऊन जातो. मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, गार लागला तर अजून दोन दिवस थांबा. सुरुवातीची आच अगदी मंद ठेवा. जाड मणी करत असाल तर तारेसाठीचं भोक आधीच आरपार पाडून ठेवा, वाफेला वाट मिळते. पहिल्या घुमट्या झाल्या की फोटो पाठवा. बाजूने काढलेला आणि कानात घातलेला, दोन्ही. सुट्या टेबलावरच्या फोटोवरून वजन कळत नाही.